सुलतानची साक्ष

तुमच्या दारात दिवसभरात जी माणसं येतात, त्यांतल्या नेमक्या कुणावर तुमचा कुत्रा भुंकतो? चारचाकीतून उतरणाऱ्या पाहुण्यावर, की सायकलवरून भंगार मागायला आलेल्यावर? उत्तराची घाई करू नका. ‘आमच्या कुत्र्याला माणूस बरोबर कळतो’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, की आता ते कानावर पडलं की मी कुत्र्याकडे बघतच नाही. बोलणाऱ्याच्या हाताकडे बघते.

मी बारामतीत कुत्र्यांचे वर्ग घेते. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला एक पडीक प्लॉट आहे, तिथं. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘गमतीदार अनुभव लिहा’ म्हणून सांगितलं. गमती पुष्कळ आहेत, पण माझा स्वभाव तसा नाही. मी भवानीनगरची. वडील साखर कारखान्यात फिटर, आणि आमच्या घरात भांड्यांपेक्षा पत्रकं जास्त. सभांना वाटलेली, मोर्चात खिशात आलेली, कडेला फाटलेली. मी वाचायला शिकले तीच त्यांच्यावर. कुणी छातीठोकपणे काही सांगायला लागला की हे कोण म्हणतंय आणि त्यात त्याचा फायदा काय, एवढं आधी विचारायचं, ही सवय तिथूनच लागली. या सवयीनं माझी नाती थोडी बिघडली, पण धंदा सुधारला. कारण माझ्या धंद्यात मालक जे सांगतो ते बहुतेक वेळा खरं नसतं. तो खोटं बोलत नसतो. त्याला स्वतःचंच शरीर दिसत नसतं.

दोन प्रकारचं शिकवते. एक आज्ञापालन, म्हणजे बस, थांब, ये, सोबत चाल. दुसरं अडथळ्यांची पळापळ, ज्याला शहरात ॲजिलिटी म्हणतात. उड्या मारायचे आडवे दांडे मी ठिबकच्या जुन्या पाइपांचे केलेत, नागमोडी पळायला बांबू रोवलेत, आणि लोखंडी कड्यांवर ताडपत्री चढवून बोगदा केलाय. कुत्रा त्यातून वाऱ्यासारखा जातो तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, याला सगळा मार्ग पाठ आहे. मार्ग कुत्र्याला मुळीच पाठ नसतो. तो मालकाचा खांदा वाचतो, पायाचा अंगठा कुठं वळला ते वाचतो, मालकानं श्वास रोखला की सोडला तेही वाचतो. तोंडानं दिलेला हुकूम त्याच्या लेखी सगळ्यांत शेवटी येतो.

एमआयडीसीतल्या एका कारखान्यातले इंजिनिअर त्यांचा बीगल घेऊन यायचे. तो सगळं करायचा, फक्त बोगद्यात शिरायचा नाही. साहेबांचा संशय माझ्यावर. बाकीच्या कुत्र्यांना मी चांगला खाऊ देते आणि त्यांच्या कुत्र्याला हलका, असं त्यांचं म्हणणं. एकदा तर त्यांनी माझ्या कमरेची खाऊची पिशवी उघडून वास घेऊन पाहिला. मी पंधरवडाभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ते कुत्र्याला सोडण्याआधी दर वेळी खाली वाकून बोगद्याच्या तोंडातून आत बघायचे. आत साप बसला असेल असं त्यांना वाटायचं. आता घरचा कर्ता माणूस ज्या भोकात रोज घाबरून डोकावतो, त्या भोकात शहाणा कुत्रा कशाला शिरेल? मी साहेबांना बोगद्याकडे पाठ करून उभं केलं. बीगल दुसऱ्या मिनिटाला आरपार. साहेब खूश झाले आणि जाताना विचारलं, “मॅडम, तुमचं आडनाव काय म्हणालात?”

हा प्रश्न मला नवा नाही. माझ्या मैदानावर आधी कुत्र्याची जात विचारतात, मग माझी. कुत्र्याची सांगते. माझी विचारणाऱ्याला मी उलट विचारते की कळल्यावर काय करणार आहात. बहुतेक जण मग हवापाण्यावर येतात.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट पणदऱ्याच्या पुढच्या एका वस्तीवरची.

तात्या तिथले मोठे बागायतदार. ऊस, वीसेक म्हशींचा गोठा, दुमजली बंगला आणि सुलतान नावाचा जर्मन शेफर्ड. तात्या त्याला ‘अल्शेसन’ म्हणायचे. सुलतानला घेऊन ते माझ्या वर्गाला यायचे, अगदी नियमानं. धोतर, डोक्यावर टोपी, आणि हातात कातडी दोरी. मला ते ‘मास्तरीण’ म्हणायचे, आणि त्यात टिंगल नसायची. खरं तर मला तात्या आवडायचे. कुत्र्याला काठी दाखवू नका म्हटल्यावर ज्या एका म्हाताऱ्यानं काठी खरोखर घरी ठेवली, ते हे.

एके दिवशी त्यांचा फोन आला. विहिरीवरच्या मोटारीची केबल चोरीला गेली होती. आमच्याकडे हे नेहमीचं आहे, तांब्यासाठी केबल कापून नेतात. तात्या म्हणाले, चोर सापडला आहे, फक्त पंचांसमोर सिद्ध करायचा आहे, त्यासाठी तुम्ही या. मी विचारलं, मी काय सिद्ध करणार? तेव्हा त्यांनी सांगितलं, की गोठ्यावर धारा काढणारा सुदाम समोर आला की सुलतान गुरगुरतो. बाकी कुणावर नाही, फक्त त्याच्यावर.

“पोलिसांचं कुत्रं चोर हुडकतंय, मग आपलं का न्हाय?” तात्या म्हणाले. “रविवारी समद्या गड्यांना अंगणात उभं करतो. तुमी फकस्त दोरी धरा आन काय व्हतंय ते सांगा.”

सुदाम बीडकडचा. ऊसतोडीला आला आणि मागं राहिला. गोठ्याला लागून पत्र्याची खोली, तीत तो, बायको आणि पणदऱ्याच्या शाळेत जाणारी मुलगी. चोर ठरला तर काम जाणार, कामाबरोबर खोली जाणार, आणि चोर म्हणून हाकललेल्या माणसाला पुढं कुणी गोठ्याला हात लावू देत नाही. दूध पंचक्रोशीत फिरतं, त्याच्याबरोबर नावही फिरतं.

माझा पहिला संशय मात्र सुदामवरच गेला. केबलीचा नव्हे. कुत्रा एकाच माणसावर गुरगुरतो याचं सगळ्यांत सोपं कारण, त्या माणसानं त्याला कधीतरी मारलेलं असतं. गरीब माणूस कुत्र्याला मारत नाही असं मी कुठल्याही पत्रकात वाचलेलं नाही. म्हणून रविवारच्या आधी एका सकाळी, तात्या बारामतीला गेलेत हे पाहून, मी न सांगता गोठ्यावर गेले.

सुदाम धार काढत होता. सुलतान मोकळा, त्याच्यापासून हातभर अंतरावर पसरलेला. मी सुदामला सहज म्हटलं, तो वरचा झाडू जरा काढून द्या. त्यानं सुलतानच्या डोक्यावरून हात लांबवून झाडू ओढला. मार खाल्लेला कुत्रा अशा वेळी कान पाडतो, अंग चोरतो. सुलताननं एक डोळा उघडला आणि मिटला. मग सुदामनं चरवीतला फेस बोटावर घेतला आणि सुलताननं तो चाटला. हे दोघांचं रोजचं होतं.

मी विचारलं, तात्या असताना हा तुमच्यावर गुरगुरतो ना?

“व्हय,” सुदाम म्हणाला. “मालक आलं की त्याची डूटी चालू.”

त्याला हे विनोदानं म्हणायचं होतं. रविवारी काय होणार आहे ते त्याला कळलेलं होतं, कारण पुढं तो म्हणाला की उभा राहणार, नाही राहिलो तर पळालो म्हणतील.

संध्याकाळी मी मुद्दाम परत गेले, तात्यांच्या फेरीच्या वेळेला. तात्या रोज सुलतानला दोरीला घेऊन गोठ्याभोवती, शेडभोवती चक्कर मारायचे, सगळं जागच्या जागी आहे ना बघत. मी सोबत चालले. एक गडी खोरं घेऊन गेला, दोरी सैल. तात्यांचा पुतण्या अभिजित बुलेटवरून आला, दोरी सैल. सुदाम दुधाची किटली घेऊन समोरून येताना दिसला, आणि तात्यांनी दोरीचा एक वेढा मनगटाभोवती घेतला. एवढंच. बोलणं मोडलं नाही, पाऊल थांबलं नाही, उसाच्या लागणीबद्दलचं वाक्य त्यांनी पुरंसुद्धा केलं. पण पट्टा सुलतानच्या गळ्याला टेकला, त्याची मान वर झाली, आणि गुरगुर सुरू झाली.

बाहेरच्या वाचकाला इथं थोडं सांगायला हवं. पट्टा कुत्र्याच्या गळ्यात असतो, दोरी आपल्या हातात. आपण समजतो, दोरीतून आपण कुत्र्याला आवरतो. कुत्र्याच्या दृष्टीनं दोरी ही बातमी आहे. ती ताणली की त्याला कळतं, माझ्या माणसाला पुढच्या माणसाची भीती वाटतेय. एकाच माणसापाशी ही बातमी रोज आली की कुत्रा पक्का होतो. त्याला केबल माहीत नाही, तांबं माहीत नाही. त्याला तात्यांचं मनगट माहीत आहे. तात्यांनी संशय घेतला, तो कुत्र्यात उतरला, आणि तोच कुत्र्याच्या तोंडून ऐकून तात्यांना खात्री पटली.

मी हे त्यांना तिथंच सांगितलं. ते हसले. म्हणाले, मास्तरीण, मी असलं काय करत न्हाय. आणि ते प्रामाणिकपणे बोलत होते.

रविवारी अंगणात गडी, शेजारचे शेतकरी आणि भावकीतली माणसं जमली होती. पोलीस पाटलांना बोलावलं होतं, पण ते आले नाहीत, शहाणे असावेत. खुर्च्या मांडल्या होत्या, चहा झाला होता. एखाद्या साखरपुड्याला जमावं तसे लोक जमले होते. गडी ओळीनं उभे, शेवटी सुदाम. त्याची बायको गोठ्याच्या दारात, डोक्यावरचा पदर दातात धरून. मुलीला तिनं कुठंतरी पाठवून दिलं होतं.

आधी दोरी मी घेतली आणि सुलतानला सगळ्यांसमोरून नेलं. सुदामपाशी त्यानं शेपूट हलवलं. लोक कुजबुजले. तात्या म्हणाले, हे बरोबर न्हाय, कुत्रं मालकाचं असतंय, माझ्या हातात द्या. मला हेच हवं होतं. मी म्हटलं, देते, पण आधी कुणी हात हलवला, डोळा मारला अशी शंका नको, म्हणून डोळ्यांवर टॉवेल बांधा. तात्यांना ते पटलं. न्यायाची त्यांना खरोखर हौस होती.

डोळे बांधून तात्या खुर्चीत बसले, हातात दोरी. मी बोटानं खुणावून एकेकाला समोरून जायला लावलं. सगळे गेले, सुदामही गेला. सुलतान बसून होता, जांभई देत.

“झालं?” तात्यांनी विचारलं.

झालं म्हटलं. ते म्हणाले, आज त्याचं नाक बसलंय. मग मी म्हटलं, आपण परत एकदा करू, या खेपेला मी नावं घेते. एका गड्याचं नाव घेतलं, तो गेला. दुसऱ्याचं घेतलं, तो गेला. मग मी म्हटलं, “आता सुदाम येतोय,” आणि डोळ्यांनी बोलावलं अभिजितला. तो कडेला मोबाइल बघत उभा होता, गंमत म्हणून पुढं आला.

तात्यांच्या मनगटावर वेढा चढला. सुलतान उठला, मानेवरचे केस उभे, दात बाहेर, आणि तो अभिजितच्या अंगावर असा धावला की पोरानं दोन्ही हात वर केले.

“बगा!” तात्या ओरडले. “म्हटलं न्हवतं?”

मी म्हटलं, तात्या, टॉवेल काढा.

त्यांनी काढला. समोर सख्खा पुतण्या. मागून कुणीतरी हसलं, आणि सगळेच हसले. तात्यांनी आधी अभिजितकडे पाहिलं, मग सुलतानकडे, मग स्वतःच्या मनगटाकडे. दोरीचा वेढा अजून तिथंच होता. त्यांनी तो हळूच सोडवला. मला वाटलं, संपलं. मी जिंकले असंही वाटलं, ते लपवत नाही.

पण तात्या माझ्याकडे वळले. आवाज खाली आला होता.

“तुमी ह्याला शिकवून ठिवलंय. माझ्या माघारी गोठ्यावर आला व्हता न्हवं तुमी? मला कळलंय.” आणि मग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, “एका वळणाची माणसं एकमेकाला धरून असत्यात.”

सुदामचं आणि माझं नातं नाही, गाव एक नाही. वळण कुठलं ते अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर सुदाम ओळीतून पुढं आला होता. त्याचा आवाज चढलेला नव्हता.

“तात्या, माझं नाव कुत्र्यानं घेतलं न्हवतं. तुमी घेतलं व्हतं. आता हितंच, ह्या मान्सांसमूर, माघारी घ्या.”

तात्यांनी टॉवेल झटकला, घडी घातली, खांद्यावर टाकला.

“जा,” ते म्हणाले. “म्हशी पान्हवल्यात. धारा काढ.”

आणि सुदाम गेला, कारण म्हशी खरंच पान्हवल्या होत्या आणि त्यांचा यात काही गुन्हा नव्हता.

गोष्ट इथं थांबली असती तर मी ती गमतीदार म्हणून लिहिली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी अभिजित बुलेट घेऊन माझ्या मैदानावर हजर. चेहरा लाल. गावात नवीन चर्चा सुरू झाली होती, की सुलतान अभिजितवर गेला, म्हणजे केबल घरातूनच गेली. कुत्र्याला माणूस कळतो.

“मॅडम, तुमी मला चोर केलं,” तो म्हणाला. “माझं लगीन जमतंय. सोयरिकीपर्यंत ही बातमी गेली तर?”

त्याचं बरोबर होतं. मी एक खोटी साक्ष मोडली होती, आणि लोकांनी त्याच साक्षीदाराला दुसरा खटला दिला होता. माझ्या पत्रकांत बागायतदाराच्या पुतण्यासाठी लढायला कुणी सांगितलेलं नाही, पण जे सुदामसाठी खोटं ते अभिजितसाठी खरं कसं होईल? मी त्याच्यामागं गाडीवर बसले आणि पणदऱ्याला गेले.

आम्ही पोचलो तेव्हा तात्या डेअरीवर होते. सकाळी दूध घालायला सगळा गाव तिथं येतो, किटल्यांची रांग लागलेली असते. आम्हाला काही सांगावंच लागलं नाही. तात्या रांगेच्या मधोमध उभे राहून मोठ्यानं बोलत होते. पोराचा काही संबंध नाही. कुत्रं दोरीच्या ओढीवर भुंकतं, ती ओढ माझ्या हाताची होती, त्यात कुत्र्याची काही अक्कल नाही.

“कुत्र्याचं काय खरं धरता गड्यांनो?” ते म्हणाले. “त्याला काय कळतंय?”

शब्द माझे होते. संध्याकाळच्या फेरीत मी जे समजावलं होतं, ते सगळं, ओळीनं. तात्यांना माझा धडा पूर्ण समजला होता. वर्गातल्या एकाही विद्यार्थ्यानं इतका चोख म्हणून दाखवला नसता. तो कुणासाठी म्हणायचा, एवढंच त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. रांगेत चार किटल्या मागं सुदाम उभा होता. तोही ऐकत होता. त्याच्याबद्दल तात्या एक अक्षर बोलले नाहीत.

मी तिथंच विचारलं, “तात्या, आणि सुदाम?”

“त्याला कुठं मी काढलंय?” तात्या म्हणाले. “कामावर हाय की.”

काढलं नव्हतं हे खरं. महिनाभरानं सुदामनंच काम सोडलं. त्याची बायको मला म्हणाली, मुलीला शाळेत पोरं सुलतान म्हणून गुरगुरून दाखवतात. केबल कुणी नेली ते आजतागायत कळलेलं नाही. मला कुणी विचारलं की सुदामनं नेली नसेलच कशावरून, तर मी सांगते, मला ठाऊक नाही. आणि तुम्हालाही नाही, सुलतानला तर नाहीच.

तात्या वर्गाला अजून येतात. त्या अंगणाबद्दल आम्ही बोलत नाही. सैल दोरीनं चालायचं त्यांना आता छान जमतं. समोरून कुणीही आलं तरी मनगट स्थिर, सुलतानची मान खाली, चाल डौलदार. नवीन आलेल्यांना मी त्यांच्याकडे बोट दाखवून सांगते, असं चाला. सांगते आणि मनातून चरफडते. हात सैल करायला मी म्हाताऱ्या माणसालाही शिकवू शकते. पुढचं काम माझ्या वर्गात शिकवता येत नाही.

म्हणून ते काम वाचणाऱ्यावर सोपवते. तुम्ही कधीतरी कुणावर तरी चारचौघांत संशय घेतला असेल. कामवालीवर, ड्रायव्हरवर, भाडेकरूवर. पुढं काही सिद्ध झालं नसेल, आणि तुम्ही ‘कामावरून काढलं तर नाही ना’ म्हणून स्वतःची समजूत घातली असेल. यंदा त्या घरी मिठाईचा पुडा पाठवू नका. पाठीवर हात ठेवून ‘झालं गेलं विसर’ म्हणू नका. ज्यांच्यासमोर नाव घेतलं होतं त्यांना परत बोलवा, आणि ज्या आवाजात घेतलं होतं त्याच आवाजात मागं घ्या. माणूस गाव सोडून गेला असेल, तर तो गेला तिथं जा.

तात्या, तुमच्या घरी हा अंक येतो. सुदाम भवानीनगरच्या अलीकडं एका गोठ्यावर आहे, रस्त्याला लागूनच. सकाळच्या धारा झाल्या की मोकळा असतो. एकटे जाऊ नका. त्या रविवारी अंगणात जी माणसं बसली होती, ती बरोबर घेऊन जा.